कानामागचं ऊन

बबिताला गावोगावची माणसं फोटूवाली म्हणायची. त्यात कौतुक कमी, कुचाळकी जास्त. मेंढरांमागं हिंडणारी बाई, डोक्यावर पदर, पायात टायरची वहाण आणि हातात मोबाईल. तो मोबाईल धरलेला कुठं, तर मेंढीच्या कानाशी. मग पारावरची माणसं काय गप बसतात?

"काय गं, मेंढरांचे बायोडाटे करायलीस का? सोयरीक जुळवायची हाय?"

"हाव. तुमच्याच घरी द्यायचा इचार हाय एक बोकड. तोंडं जुळत्यात."

विचारणारा पुढच्या खेपेला रस्ता बदलायचा. बबिताची जबानच तशी. मेंढपाळाच्या सुनेनं गोड बोललं की गावातले बडे लोक तिची मेंढरं फुकटात रानात बसवून घेतात, हे ती सासरी आली त्याच वर्षी शिकली होती.

तिचं सासर जिंतूरच्या डोंगराकडचं. खरीप निघालं की सासरा ग्यानबा, सासू कासाबाई आणि बबिता कळप घेऊन खाली परभणीच्या काळ्या रानात उतरायचे. नवरा शिवशंकर निम्मा कळप घेऊन दुसऱ्या अंगाला जायचा. ज्याच्या वावरात मेंढरं रात्री बसतील त्याला लेंड्यांचं खत मिळतं आणि त्याबदल्यात तो जवारी देतो. हा जुना व्यवहार. यात मेंढपाळ कुणाचे उपकार घेत नाही, उलट रान कसदार करून जातो. पण गावाच्या तोंडी मेंढपाळ आला म्हणजे चोर आला. कुणाची काकडी गेली, कुणाचा दोर गेला, पहिलं बोट पालाकडं.

फोटोचं वेड तिला लागलं ते रागातून. एका कोकराच्या डोळ्यात फूल पडलं होतं. तिनं जनावराच्या डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, डोळ्याचा जवळून फोटो पाठव. तिनं पाठवला. त्याचं उत्तर आलं: हे काय ढग पाठवलेत का? आणि खाली हसणारी तोंडं.

ती हसणारी तोंडं बबिताच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखी रुतली. ढग काय? बघते मी. मग जे मिळेल त्याच्या जवळ मोबाईल नेऊन ती फोटो काढत सुटली. मुंगळा, गोचीड, मेंढीचा फाटलेला खूर, सोयाबीनच्या पानावरची अळी, सासूच्या टाचेची भेग. (सासूनं खराटा फेकून मारला.) शिकवायला कोणी नव्हतं. चुकायची, शिव्या घालायची, परत काढायची. बोटं फाकवून चित्र मोठं केलं की त्याचा चिखल होतो, म्हणून मोठं करायचं नाही, आपणच जवळ जायचं. फार जवळ गेलं की धुरकट येतं, मग लव दिसेपर्यंत मागं सरायचं. डोक्यावरचं ऊन सगळं सपाट करून टाकतं; सकाळचं तिरपं ऊन प्रत्येक खळगा, प्रत्येक केस उभा करतं; आणि ऊन पाठीमागून आलं की पान असो की कातडी, पातळ जागा उजळून निघते. जत्रेतल्या खेळण्याच्या दुर्बिणीतलं भिंग तिनं केसांच्या चिमट्यानं मोबाईलवर अडकवलं, तेव्हा गोचिडाचे पाय मोजता यायला लागले. डॉक्टरला एक दिवस तिनं गोचिडाचा असा फोटो पाठवला की त्याचा फोन आला, "अहो, जेवत होतो मी!" बबिताला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मग तिनं ठरवलं की सगळ्या कळपाच्या कानांचे फोटो काढायचे. मेंढपाळाची सही कानावर असते. ज्या त्या घराण्याचा काप वेगळा. ग्यानबाच्या घराण्याचा काप डाव्या कानाच्या खालच्या कडेला, तांदळाएवढा. शिवाय खंडोबाच्या नावानं सोडलेल्या एडक्याला आणखी एक खूण असायची, ती फक्त घरच्यांना ठाऊक. कानाच्या मधोमध, दोन शिरांच्या मधल्या पातळ जागेत बाभळीचा काटा आरपार करायचा. भोक पातळ कातडीनं भरून यायचं, वर लव उगवायची, आणि डोळ्याला काही म्हणजे काही दिसायचं नाही. ही देवाची खूण. परक्यापुढं तिचं नाव काढायचं नाही, दाखवायची तर त्याहून नाही.

देवाचा एडका म्हणजे भुऱ्या, अंगानं दांडगा आणि स्वभावानं कासाबाईसारखा. त्याच्या कानाचा फोटो काढायचा दिवस आला तेव्हा कासाबाई म्हणाली, "देवाचं जनावर हाय. आदी भंडारा लाव, मग काय काढायचं ते काढ." बबिताला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनंच बोटभर भंडारा घेऊन भुऱ्याच्या कपाळाला आणि दोन्ही कानांना चोळला, हात जोडले आणि फोटो काढला. नंतर नीट बघितलासुद्धा नाही. देवाचा फोटो कोण तपासतं?

ही चूक तिला भोवली माणिकरावाच्या गावात.

माणिकराव म्हणजे त्या गावचा कर्ताधर्ता. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा त्यानं सून उभी केली. सूनबाई वैष्णवी सही करायची, बोलायचा माणिकराव, आणि बुलेटवर फिरायचा त्याचा पोरगा महारुद्र. हरभरा निघाल्यावर माणिकरावानंच ग्यानबाला निरोप धाडला होता, मेंढरं माझ्या रानात बसव म्हणून. मेंढरं बसली, रान खताळलं, आणि शेवटच्या दिवशी सकाळी कळपाभोवतीच्या वाघरीचं जाळं एका बाजूनं वर केलेलं आणि भुऱ्या गायब.

ग्यानबानं दोन दिवस सगळी शिवारं पालथी घातली. शेवटी एका बाईनं कुजबुजून सांगितलं, माणिकरावाच्या गोठ्यात नवीन एडका आलाय, बांधून ठेवलाय. ग्यानबा साधा माणूस. सकाळी उजेडात, सरळ दारातून आत गेला आणि भुऱ्याचं दावं सोडायला लागला. महारुद्रानं आणि गड्यानं त्याला धरलं, दोन ठेवून दिल्या, त्याचं मुंडासं उसकटून मातीत फेकलं आणि ग्रामपंचायतीपुढच्या लिंबाखाली बसवलं. गावभर बोभाटा: मेंढक्या चोरी करताना सापडला. पोलिसांच्या जीपला फोन गेला.

बबिता आणि कासाबाई धावत पोचल्या तेव्हा लिंबाखाली अर्धं गाव जमलं होतं. भुऱ्याला पुरावा म्हणून आणून खांबाला बांधला होता. ग्यानबा उघड्या डोक्यानं, मान खाली घालून बसलेला. हिशेब साधा होता. जीप यायच्या आत एडका कुणाचा ते ठरलं नाही, तर ग्यानबा चोर म्हणून जीपमध्ये बसणार. आणि मेंढपाळ एकदा चोर म्हणून जीपमध्ये बसला की पुढच्या कोणत्याही गावात त्याची मेंढरं बसत नाहीत.

"मपला एडका हाय," बबितानं गेल्या गेल्या सांगितलं. "सोडा मामाला."

माणिकराव खुर्चीवर. पान खाऊन तोंड लाल. "तुपला कसा? बाजारातून आणलाय म्या. काप बग कानाचा. तुमचा काप तांदळाएवढा असतोय ना? ह्याचा बग, बोटाएवढा."

खरंच होतं. डाव्या कानाची खालची कड चांगली बोटभर छाटलेली होती. छाटलेल्या भागात जुना काप कधीच गेला होता. जखमेवर हळद-तेल चोपडून ती जुनी दिसेल अशी केली होती. चोरी करणाऱ्याला अक्कल असते. नसते ती लाज.

"माझ्याकडं फोटू हाय ह्याच्या कानाचा," बबिता म्हणाली आणि तिनं मोबाईल काढला. चित्र उघडलं.

पिवळं. सगळं पिवळं. कान नव्हता, कड नव्हती, काप नव्हता. भंडाऱ्याचा एक लगदा होता.

महारुद्रानं मोबाईल तिच्या हातातून ओढून सगळ्यांना दाखवला. "अरे, हा कान हाय का पिठलं?"

लिंबाखाली हशा उसळला. एक जण म्हणाला, भाकर आणा रे कुणीतरी. बबिता पेटली. मोबाईल परत हिसकून, दात-ओठ खाऊन तिनं दुसऱ्या मेंढरांच्या कानांचे फोटो उघडून दाखवले, हे स्वच्छ आहेत, हा आमचा काप, हे भिंग लावून काढलेत. महारुद्रानं हात झटकला.

"फोटूचं काय सांगायलीस? आजकाल एआयवर मेंढराला शिंगं काय, पंख बी लावता येत्यात. तुझा मोबाईल, तुझा फोटू, तू मनशील ते खरं?"

"बरं," बबिता म्हणाली. तिचा आवाज अचानक खाली आला. तिला ओळखणाऱ्यांना ठाऊक असतं, तिचा आवाज वर असतो तोवर भीती नसते. "मग तुमच्या मोबाईलवर काढा. तुमच्या हातानं. मी बोट लावत न्हाई."

"काय काढायचं?"

"ह्याच्या कानाच्या मदोमद..."

"बबे!" ग्यानबानं पहिल्यांदा मान वर केली. "जीभ आवर. ती देवाची खूण हाय."

कासाबाईनं तिचा दंड धरला, नखं रुतेपर्यंत. "तो ठाण्यात गेला तरी चालंल. भायेर बोलायचं न्हाई. चार पिढ्यात कुणी बोललं न्हाई."

"चार पिढ्यात कुणाला उघड्या डोक्यानं बसवलं बी न्हवतं, आत्या," बबितानं दंड सोडवून घेतला. मग गावाकडं तोंड करून, एकेक शब्द ठोकत म्हणाली, "आदी ऐका, मग बगा. मागून मनू नका की बगून सांगितलं. कानाच्या मदोमद, दोन शिरांच्या मदी, बाभळीच्या काट्याचं भोक हाय. भरून आलेलं. वर लव हाय, मनून डोळ्याला दिसत न्हाई. फोटूत दिसतंय. न्हाई दिसलं तर मी सोता बसते जीपमदी."

कासाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. ग्यानबानं तोंड फिरवलं, जसं काही सून त्याच्या देखत उघडी पडली.

माणिकरावानं वाकून कानाकडं निरखून बघितलं, बोटानं चाचपलं. काही दिसलं नाही. मग तो खुशीत आला. सुनेकडं हात करून म्हणाला, "काढा ओ सरपंच. तुमचा मोबाईल लय भारी हाय मनतेत. गावासमोर काढा, मंजी ह्या बाईची जिरंल."

वैष्णवी इतका वेळ खुर्चीच्या मागं उभी होती. ती पुढं आली, नाक जरासं मुरडत एडक्याजवळ टेकली आणि मोबाईल कानापुढं धरून बोटं फाकवली.

"मोठं करू नका," बबिता म्हणाली. "चिखल होतोय. जवळ जा."

"मला शिकवू नको."

"मग काढा तसाच. ढग येतेत."

ढगच आले. वैष्णवीनं स्क्रीन बघितली, ओठ चावला आणि न बघता विचारलं, "मग कसं?"

"आदी भिंग पुसा. पदरानं न्हाई, पदराला तेल असतंय. ह्या दस्तीनं." बबितानं कमरेची दस्ती लांबूनच टाकली. "आन् ह्या अंगाला काय बसलात? ऊन पाठीमाग असल्यावर कान निस्ता बोर्डासारखा दिसंल. पल्याड या. ऊन कानामागं पायजे. तुमी, मदी कान, त्याच्यामाग ऊन."

वैष्णवी उठून पलीकडं गेली. गाव बघत होतं. सकाळचं ऊन लिंबाच्या फांदीखालून आडवं येत होतं, ते तिच्या डोळ्यात आणि भिंगात घुसत होतं. बबितानं कासाबाईच्या खांद्यावरची काळी घोंगडी ओढली आणि तंबूसारखी वर धरली, अशी की ऊन कानावर पडावं, भिंगावर नाही.

"मामा, डोस्कं धरा भुऱ्याचं. गुडघ्यात दाबा."

ग्यानबा हलला नाही.

"धरा ओ मामा! नंतर रुसा!"

ग्यानबा उठला. महारुद्र आडवा आला, पण वैष्णवीच तिरसटून म्हणाली, "धरू द्या ना. मला शिंग लागल्यावर?" ग्यानबानं भुऱ्याचं डोकं गुडघ्यात घेतलं. त्याचा हात लागल्याबरोबर इतका वेळ दावं तोडणारा एडका डोळे मिटून गप उभा राहिला. काही माणसांनी एकमेकांकडं बघितलं. खरं तर निकाल तिथंच लागला होता, पण गावाला डोळ्यांपेक्षा मोबाईल खरा वाटतो.

"आता कोपरं गुडघ्यावर टेक," बबिता म्हणाली. तुमीची तू कधी झाली ते तिलाही कळलं नाही आणि कुणी टोकलंही नाही. "हात हवेत ठिवू नको, थरथरतोय. जवळ जा. आनखी. धुरकट झालं?"

"झालं."

"मंजी लय जवळ गेलीस. माग ये जरासक. लव दिसायली का? येक येक केस?"

"हाव... दिसायलाय."

"तिथंच थांब. जिथं दोन शिरा फाकतेत तिथं बोट ठिव, दाबून धर. पक्कं झालं? आता उजेड कमी कर. पडद्यावरचा तो सूर्य खाली वढ. आनखी कमी. कान लाल व्हायला पायजे, पांढरा न्हाई."

"झाला लाल."

"श्वास धर. दाब. आनखी दाब. येकावर भरवसा ठिवू नको, दाबत ऱ्हा."

मोबाईलचा आवाज टकटक करत राहिला. मग वैष्णवीनं हात खाली घेतला आणि एकेक चित्र सरकवत बघायला लागली. तीन-चार हललेली होती. पुढच्या एकावर तिचं बोट थांबलं.

कान शेकोटीतल्या निखाऱ्यासारखा लालबुंद, त्यात शिरांच्या काळ्या फांद्या, आणि फांद्यांच्या बेचक्यात एक गोल, पिवळाधमक ठिपका. पातळ कातडीतून ऊन सरळ आरपार आलेलं. दिवा लावल्यासारखं.

तिनं तो फोटो पुरेसा वेळ बघितला.

"काय दिसतंय?" माणिकरावानं विचारलं.

तिचं बोट स्क्रीनवर दोनदा फिरलं.

"काय दिसतंय मनतो मी? आण इकडं." त्यानं मोबाईल हिसकला, बघितलं आणि त्याचं पान चघळणं थांबलं. "ह्यात काई न्हाई. धुरकट हाय. पुसून टाक हे."

तेवढ्यात लिंबाखाली टुंग वाजलं. मग दुसऱ्या खिशात टुंग. मग सगळीकडं. गावाच्या ग्रुपवर फोटो पडला होता. माणसं डोळ्यांशी मोबाईल नेऊन बोटं फाकवायला लागली. "अयो, भोक हाय की रे!" "दोन शिरांच्या मदीच!" "बाई खरं मनली."

माणिकराव सुनेकडं वळला. "कुणाला इचारून टाकलं?"

वैष्णवीनं पदर सारखा केला. "परवा कागद आणले तवा तुमीच मनले ना मामंजी, सही कर, इचारीत बसू नको? न्हाई इचारलं."

पोटात दाबलेलं हसू असतं तसं हसू गर्दीत फिरलं. ते आता पिठल्यावर नव्हतं. बबितानं वैष्णवीकडं बघितलं. वैष्णवीनं तिच्याकडं असं बघितलं की जणू तू माझी कोण लागतेस. आभार मानायचा प्रश्नच नव्हता. त्या बाईचा हिशेब तिच्या घरातला होता. बबिता मधे नुसती पडली होती.

माणिकरावानं गडबडीत पवित्रा बदलला. "हे बगा, बाजारात इकणाऱ्यानं फशिवलं मला. मला काय ठाव? न्या तुमचा एडका. चहा घ्या आन् जावा."

"चहा तुमच्या बुलेटला पाजा," बबिता म्हणाली. "चोर मनलात ते?"

"झालं गेलं..."

"ज्यानं मामाचं मुंडासं फेकलं त्यानं उचलायचं. न्हाईतर जीप येऊ द्या. बोलावली तुमीच ना? येऊ द्या. फोटू दावू. बाजारातला इकणारा कोण, ते सायबाला सांगा. आमाला बी ऐकायचंय."

वैष्णवी मुंडासं उचलायला वाकली. बबिता कडाडली, "तुमी न्हाई! त्यानं!"

महारुद्र मुठी आवळून उभा होता. तो तिला मारणार असं वाटलं, आणि बबितालाही मनातून तेच हवं होतं. गावासमोर एकदा हात उगारलाच असता तर बरंच झालं असतं. पण रस्त्याच्या वळणावर जीपचा आवाज आला. माणिकराव दाताखालून म्हणाला, "उचल रे, मुडद्या."

महारुद्रानं मुंडासं उचललं आणि ग्यानबाच्या अंगावर भिरकावलं. ग्यानबानं ते झटकलं, तिथंच उभं राहून सावकाश, एकेक पेच देऊन बांधलं आणि भुऱ्याचं दावं हातात घेतलं. माणिकराव जीपच्या खिडकीशी वाकून गैरसमज झाला, गैरसमज झाला म्हणत होता तेव्हा हे तिघं आणि चौथा एडका गावाबाहेर पडले होते.

बबिताला वाटलं होतं, वाटेत निदान सासू पाठीवर हात ठेवील. कासाबाई उलट चार पावलं पुढं चालत होती.

"लांडग्याला वाट दावलीस," शेवटी ग्यानबा म्हणाला. "आता सगळ्या मुलखाच्या मोबाईलात देवाची खूण."

"मग जायचं होतं की जीपमदी. देवाचं नाव घेत बसला असता गजामाग."

"बसलो असतो."

"आन् मेंढरं कुटं बसली असती?"

ग्यानबा चिडला आणि झरीच्या शिवारात पाल पडेपर्यंत चिडलेलाच राहिला. बबिताही राहिली. एका चुलीवर भाकरी होत होत्या, पण ताटं तीन दिशांना तोंड करून.

छाटलेल्या कानाची जखम वाळली त्या सकाळी ग्यानबा बाभळीकडं गेला आणि एक लांब पांढरा काटा मोडून आणला. बबिताला त्यानं बोलावलं नाही. भुऱ्याला गुडघ्यात धरलं आणि या वेळी उजवा कान घेतला. कानात कुठं, ते इथं सांगायचं कारण नाही. एकदा सांगून झालं तेवढं पुरे. एडक्यानं एकच झटका दिला. काटा आरपार गेला. कासाबाई भंडाऱ्याची पिशवी घेऊन पुढं आली, चिमूट भरली, कानाजवळ नेली आणि तिथंच थांबली.

"काय बगायलीस गं तिकडून?" ती बबितावर खेकसली. "ये की. आदी फोटू काढ. भंडारा मागून लावते."

बबितानं भिंग पुसलं. चिमट्यानं अडकवलं. ऊन कानामागं येईल अशी बसली. कासाबाईनं न सांगता घोंगडी वर धरली.

"आन् आता पुन्यांदा कुणाला शिकिवलंस तर बग," ग्यानबा गुरगुरला.

"बोलू नका ओ मामा," बबिता म्हणाली, "हलायलाय."